वरिष्ठ सर्जनचा आरडाओरडा : विभागप्रमुखाने काय करावे?

प्रश्न (शस्त्रक्रिया विभागप्रमुख, नाशिक)
नमस्कार. एका खासगी रुग्णालयातील शस्त्रक्रिया विभागाची जबाबदारी नुकतीच माझ्याकडे आली आहे. आमचे एक वरिष्ठ सर्जन अत्यंत निष्णात आहेत. परंतु मनासारखे झाले नाही की भर शस्त्रक्रियेत सिस्टरांवर ओरडतात, आणि गेल्या आठवड्यात तर त्यांनी आर्टरी फोर्सेप्स (रक्तवाहिनी पकडण्याचा चिमटा) ट्रॉलीवर भिरकावला. त्याच दिवशी पोट शिवण्यापूर्वीच्या मोजणीत एक मॉप (रक्त टिपण्याची कापडी घडी) कमी भरत असताना ते सांगायला सिस्टर कचरल्या. भूलतज्ज्ञांनी विचारले म्हणून कळले. मॉप बादलीमागे सापडला. व्यवस्थापन म्हणते, ‘सरांचा स्वभावच तसा आहे, सांभाळून घ्या.’ ते माझ्याहून ज्येष्ठ आहेत. सुरुवात कुठून करावी?

उत्तर १ (निवृत्त मेट्रन, नाशिक रोड)
सर, सुरुवात मॉपपासूनच करा. स्वभावाचा विषय काढलात तर ते वाद घालतील, मोजणीचा काढलात तर त्यांना उत्तर द्यावे लागेल. ओपीडी संपल्यावर, दार लावून, दोघांतच बोला. मात्र त्याआधी त्या सिस्टरांचे म्हणणे शांतपणे ऐकून घ्या आणि त्यांना ‘तुम्हीच जरा समजून घ्या’ असे कृपया सांगू नका. आमची सारी नोकरी तेच ऐकण्यात गेली.

उत्तर २ (गुणवत्ता अधिकारी)
मॅडमशी सहमत आहे, पण उपकरण फेकल्यानंतर केवळ खासगी बोलणे पुरेसे नाही, त्याची लेखी नोंद हवीच. धाकदपटशाचे वर्तन वैद्यकीय चुकांना वाव देते, असा इशारा अमेरिकेतील रुग्णालयांना मानांकन देणाऱ्या जॉइंट कमिशन या संस्थेने 2008 मध्येच दिला होता, आणि व्यवस्थापनासमोर स्वभावाऐवजी रुग्णसुरक्षेचा हा मुद्दा मांडल्यास तो टाळणे त्यांना कठीण जाईल. शेरेबाजी लैंगिक स्वरूपाची असेल, तर मात्र प्रकरण आपसांत मिटवू नका. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धच्या 2013 च्या कायद्यानुसार त्यासाठी अंतर्गत समिती आहे.

उत्तर ३ (सर्जन, नाशिक)
आमच्या बाजूचेही पाहा. उपकरणांचा अपुरा सेट आणि ऐन वेळी बदललेला स्टाफ यांनी डोके फिरते, म्हणून आदल्या संध्याकाळी सेट तपासण्याची पद्धत घाला. तरीही पुन्हा काही फेकले गेले, तर त्यांच्या शस्त्रक्रियांची पुढची यादी थांबवण्याचा अधिकार व्यवस्थापनाकडून आधीच लेखी घेऊन ठेवा, कारण तो नसेल तर तुमच्या समजावण्याला ते फारसे जुमानणार नाहीत.