मृतांसाठी प्रार्थना करायला शास्त्रात आधार आहे का? २ नोव्हेंबरच्या आधी मदत हवी आहे

नमस्कार मंडळी, धागा पहिल्यांदाच काढतेय, लांबलाय, सांभाळून घ्या.

मी माहेरची नगरची, प्रॉटेस्टंट, पणजोबांपासून मिशनच्या मंडळीतले आम्ही, १९७० नंतर सीएनआय (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया). सासर वसईचं, पक्कं कॅथलिक. अकरा वर्षं झाली लग्नाला, दोन्हीकडे कधी कुणी कुणाला टोचून बोललं नाही. सासूबाई यंदा मार्चमध्ये गेल्या. आता २ नोव्हेंबर आलाय, मृतात्म्यांचा दिवस, त्या दिवशी इथे कबरी धुऊन पुसून फुलं घालतात, मेणबत्त्या लावतात, फादर येऊन आशीर्वाद देतात. सासऱ्यांनी मिस्सासाठी (चर्चमधल्या उपासनेसाठी) त्यांचं नाव दिलंय आणि मला म्हणाले, पोरी, त्या दिवशीची प्रार्थना तू वाच, तिचा तुझ्यावर जीव होता. मी लगेच हो म्हटलं.

रात्री पप्पांना फोनवर सांगितलं तर ते जरा वेळ गप्पच बसले, मग म्हणाले, "शास्त्रात कुठे आहे ते दाखव आणि मग वाच." रागावले वगैरे नाहीत हं, पप्पा तसे नाहीतच, पण तीस वर्षं संडेस्कूल घेतलेला माणूस, कुणी काही म्हटलं की अध्याय-ओवी विचारायची सवय मलाही त्यांनीच लावली, त्यामुळे मला हे झटकून टाकता येत नाहीये. वाचायचं तर खऱ्या मनाने वाचायचंय, नुसतं सासऱ्यांना बरं वाटावं म्हणून नाही.

तर गेले पंधरा दिवस मुलं झोपल्यावर मी हेच करतेय. सगळ्यात आधी कळलं की सगळे ज्या उताऱ्याकडे बोट दाखवतात तो माझ्या बायबलमध्ये नाहीच! मक्काबींचं दुसरं पुस्तक, अध्याय १२. मग सासूबाईंचं बायबल काढलं, आत अजून त्यांची जपमाळेची छोटी पुस्तिका तशीच आहे, पानांना मोगऱ्याचा वास येतो (त्या वाडीतली फुलं रुमालात बांधून त्याच कपाटात ठेवायच्या). दोन्हींच्या अनुक्रमणिका शेजारी ठेवून बोटाने मोजलं, जुना करार माझ्यात ३९ पुस्तकं, त्यांच्यात ४६. उतारा असा आहे की यहूदा मक्काबी या यहुदी सेनापतीचे काही सैनिक लढाईत पडतात, प्रेतं उचलताना त्यांच्या अंगरख्यांखाली मूर्तींचे ताईत सापडतात, म्हणजे नियमशास्त्र मोडलेलं, तेव्हा यहूदा सगळ्यांकडून चांदीचे दोन हजार द्राख्मा गोळा करून त्यांच्या पापार्पणासाठी यरुशलेमला पाठवतो, आणि पुढे म्हटलंय की पुनरुत्थानाची आशा होती म्हणून त्याने हे केलं, ते चांगलंच केलं. मला वाचताना भरून आलं खरंच.

पण पप्पांना हे दाखवून उपयोग नाही, ते म्हणणार हे पुस्तकच प्रमाण नाही. १५१९ मध्ये लाइपझिगच्या वादात योहान एक या कॅथलिक पंडिताने मार्टिन ल्यूथरसमोर (ज्याच्यापासून प्रॉटेस्टंट चळवळ सुरू झाली) हाच उतारा ठेवला होता आणि ल्यूथरनेही हेच उत्तर दिलं होतं, म्हणजे आमच्या घरातलं भांडण पाचशे वर्षांचं जुनं आहे.

मग नव्या करारात शोधलं. १ करिंथ ३ मध्ये ज्याचं काम जळेल तो स्वतः तारला जाईल पण जणू अग्नीतून, असं आहे. मत्तय १२:३२ मध्ये पवित्र आत्म्याविरुद्ध बोलणाऱ्याला या युगात नाही आणि येणाऱ्या युगातही क्षमा नाही, तर कॅथलिक म्हणतात म्हणजे येणाऱ्या युगात काहींची क्षमा होत असणार. दुसऱ्या बाजूला इब्री ९:२७, एकदा मरणं आणि मग न्याय, आणि वधस्तंभावरचा चोर, त्याला तर येशू 'आज'च सुखलोकात म्हणाला, मध्ये कुठलं थांबणं नाही.

आणि एक गोष्ट पप्पांना अजून सांगितलेली नाही. त्यांचाच नियम मी आमच्याकडच्या शिकवणींना लावून बघितला. माझा बाप्तिस्मा तीन महिन्यांची असताना झाला, बाळाचा बाप्तिस्मा कर अशी आज्ञा कुठेही नाही, फिलिप्पैच्या तुरुंगाधिकाऱ्याच्या 'घरच्या सर्वांचा' झाला यावरून आपण धरतो. त्रैक्य हा शब्द बायबलमध्ये नाही, मत्तय २८:१९ वगैरे जोडून ती शिकवण उभी राहते, ती मी मनापासून मानते. 'केवळ विश्वासाने' हे शब्द जोडून एकदाच येतात, याकोब २:२४ मध्ये, आणि तिथे 'केवळ विश्वासाने नव्हे' असं आहे. म्हणजे आधार कशाला म्हणायचं? थेट ओवीच पाहिजे की जोडून निघालेलं पण चालतं?

तर विचारायचंय ते हे, मक्काबी आमच्या बायबलमधून कधी आणि का गेलं, १ करिंथ ३ चा खरा रोख कशावर आहे, आणि पप्पांपुढे प्रामाणिकपणे ठेवता येईल असं काही आहे का. कृपया कुठल्याच पंथाला शिव्या देऊ नका, दोन्ही माझी माणसं आहेत.

बावखल यांचा प्रतिसाद
ताई, मी कॅथलिक, पाच वर्षं सेमिनरीत होतो. सासूबाईंना चिरशांती लाभो. बायबलमध्ये कुठली पुस्तकं धरायची याच्या हिप्पो (३९३) आणि कार्थेजच्या (३९७) परिषदांच्या याद्यांत मक्काबी आहे, लॅटिन बायबलचा भाषांतरकार जेरोमला मात्र तेव्हाही शंका होती. ल्यूथरने १५३४ च्या जर्मन बायबलमध्ये ही पुस्तकं फेकली नाहीत, वेगळ्या विभागात ठेवली. १६११ च्या इंग्रजी बायबलमध्येही होती. १८२६ च्या सुमारास ब्रिटिश अँड फॉरेन बायबल सोसायटीने ती छापायला पैसे द्यायचं थांबवलं, त्यानंतर मिशनच्या हातातली बायबलं बहुतेक त्यांच्याविनाच. दुसरं, त्या उताऱ्यात मृतांसाठी प्रार्थना आहे पण परगेटरीचं (मेल्यानंतर स्वर्गाआधी आत्मा शुद्ध होण्याच्या अवस्थेचं) वर्णन नाही, या दोन गोष्टी वेगळ्या धरा. आमच्या कॅथलिक चर्चच्या ट्रेंटच्या परिषदेनेही १५६३ मध्ये बिशपांना बजावलंय की यातले अवघड, सूक्ष्म प्रश्न साध्या लोकांपुढे काढू नका.

भिंगार_कॅम्प यांचा प्रतिसाद
मी पप्पांच्या बाजूचा. १ करिंथ ३ मधला विषय पौल आणि अपुल्लोस, म्हणजे मंडळी बांधणारे कामकरी. त्या दिवशी अग्नी कामाची पारख करतो, मेलेल्याचा आत्मा मधल्या काळात शुद्ध होतो असं तिथे नाही, त्यावर परगेटरी उभी करू नका. पण २ तीमथ्य १:१६-१८ वाचा. अनेसिफराच्या घरच्यांवर प्रभू दया करो, आणि पुढे वेगळं, त्या दिवशी त्याला प्रभूकडून दया मिळो. बरेच जण म्हणतात तो तेव्हा वारलेला होता. हे आपल्या ६६ पुस्तकांच्या बायबलमध्ये आहे.

धागाकर्ती
दोघांचे मनापासून आभार. काल रात्री पप्पांना फोन लावून तीमथ्याची ओवी वाचून दाखवली. त्यांनी पुस्तक आणायला सांगितलं आईला, फोनवर पानं उलटल्याचा आवाज येत होता. मग म्हणाले, "अनेसिफर जिवंत होता, प्रवासात असेल, असं माझं मत. पण वाक्य पौलाचं आहे. तेवढं वाच." सासऱ्यांना विचारलं, ते म्हणाले नेहमीच्या प्रार्थनेआधी हे वाच, फादरांना मी सांगतो.

नेहमीची प्रार्थना पण वाचायची का हे अजून ठरलं नाहीये, चार दिवस आहेत. त्याच २ तीमथ्य ४:१९ मध्ये पण पौल सलाम अनेसिफराच्या घरच्यांनाच सांगतो, त्याला नाही. ग्रीक येणारं कुणी असेल तर या दोन्ही जागा एकत्र बघून सांगाल का, त्यावरून तो वारला होता असं म्हणता येतं का?