आयएसओ 14001 चा खर्च वसूल होतो का?

प्रश्न: कोल्हापूरजवळ शिरोलीत आमची छोटी फाउंड्री (ओतकामाचा कारखाना) आहे. पुण्याचं गिऱ्हाईक आता 14001, म्हणजे पर्यावरण व्यवस्थापनाचं सर्टिफिकेट, मागतंय. धंद्यात खरंच फरक पडतो, की नुसती फाइल?

उत्तर 1: मी मेंटेनन्सवाला. सर्टिफिकेटनं फार तर ऑर्डर टिकते. पैसा वाचतो तो साच्यांच्या वाळूत. जळकी वाळू टाकायला भाडं, सिंधुदुर्गातल्या कासार्ड्याची नवी आणायला परत भाडं! नो-बेक (न भाजता रसायनानं घट्ट होणारे साचे) असेल तर रिक्लेमेशन, म्हणजे तीच वाळू साफ करून परत वापरणं, बघाच. आणि रविवारी सगळं बंद असताना फक्त कंप्रेसर चालू करून हवेच्या लाइनीखालून फिरा. फुस्स कुठं होतंय ते कानाला कळतं. ती हवा म्हणजे वीजबिल.

उत्तर 2: सेबीनं 2022-23 पासून बाजारमूल्यानं पहिल्या 1000 लिस्टेड कंपन्यांना बीआरएसआर (पर्यावरण आणि सामाजिक जबाबदारीचा अहवाल) सक्तीचा केलाय. त्या कंपन्या माल पुरवणाऱ्यांनाही विचारणार, त्यामुळं 14001 ची मागणी वाढणारच.

प्रश्नकर्ता: रविवारी कान लावतो. वाळूचं मालकांना कोण सांगणार, हा प्रश्न आहेच.