मदत हवी आहे: ‘इफ वर्स्ट कम्स टू वर्स्ट’ नेमकं कसं लिहायचं?

नमस्कार मंडळी,

खेडजवळ लोटे एमआयडीसीतल्या एका कारखान्यात मी डिस्पॅचचं काम बघते. आमचा माल न्हावा शेवा बंदरातून इंग्लंडला जातो. पावसाळ्यात रस्ते बंद झाले तर काय करणार, हे गिऱ्हाइकाने लेखी मागितलंय.

मुंबईकडे जाणारा कशेडी घाटाचा रस्ता बंद पडला तर ट्रक परशुराम घाट उतरून चिपळूणला आणायचे आणि कुंभार्ली घाट चढून कराड-पुण्यामार्गे बंदर गाठायचं. वेळ आणि डिझेल जास्त जातं, पण माल पोचतो. कशेडी आणि कुंभार्ली दोन्ही बंद झाले तर माल गोदामात ठेवून पुढचं जहाज धरायचं. २२ जुलै २०२१ला चिपळुणात वाशिष्ठीचं पाणी शिरलं, तेव्हापासून या दुसऱ्या शक्यतेकडे कोणी दुर्लक्ष करत नाही.

दोन्ही ठिकाणी मी ‘इफ वर्स्ट कम्स टू वर्स्ट’ लिहिलंय. अकाउंट्सवाले म्हणतात, पहिला शब्द ‘वर्स’ हवा. साहेब म्हणतात, दोन्ही ‘वर्स्ट’च्या आधी ‘द’ हवं. आणि गोष्ट पुढची आहे, तर ‘कम्स’ऐवजी ‘विल कम’ का नाही? कृपया सांगा, मजकूर या आठवड्यात जायला हवा.

प्रतिसाद

ताई, गिऱ्हाईक इंग्लंडचं आहे, तेव्हा साहेबांचं ऐका: ‘इफ द वर्स्ट कम्स टू द वर्स्ट’. हे रूप सोळाव्या शतकाच्या अखेरीपासून चालत आलंय. अमेरिकेत ‘इफ वर्स कम्स टू वर्स्ट’ रूढ आहे, म्हणजे अकाउंट्सवालेही चूक नाहीत. ‘इफ’च्या भागात ‘विल’ येत नाही, ते पुढच्या भागात येतं. आपणही उद्याच्या पावसाबद्दल ‘आला तर’ म्हणतो, ‘येईल तर’ म्हणत नाही.

पण माझ्या मते पहिल्या ठिकाणी हा वाक्प्रचार बसतच नाही. सगळे उपाय थकले की मग तो वापरायचा. कशेडी बंद झाला तरी कुंभार्ली उघडा आहे! तिथे साधं ‘इफ द कशेडी रूट इज क्लोज्ड’ पुरे. पहिल्याच अडथळ्याला ‘वर्स्ट’ म्हटलंत तर वाचणाऱ्याला वाटेल, यांच्याकडे दुसरी वाटच नाही.

दुसऱ्या ठिकाणी मात्र चपखल बसतो. दोन्ही घाट बंद असं आधी स्पष्ट लिहा आणि मग: ‘इफ द वर्स्ट कम्स टू द वर्स्ट, वी विल होल्ड द कन्साइनमेंट अँड बुक द नेक्स्ट व्हेसल.’

प्रतिसाद

हा मजकूर कराराला जोडणार आहात का? तसं असेल तर तिथे हा वाक्प्रचार अजिबात नको. बोलण्यातला आहे, आणि उद्या वाद झाला तर ‘वर्स्ट’ कशाला म्हणायचं यावरच घोळ होईल. ‘इफ बोथ रूट्स आर क्लोज्ड’ लिहा. ईमेलमध्ये खुशाल वापरा.

धागाकर्ती

कराराला जोडायचाच आहे, त्यामुळे तिथून काढते आणि सोबतच्या ईमेलमध्ये ठेवते. दोघांचेही मनापासून आभार. एक राहिलंच: गिऱ्हाइकाशी फोनवर बोलताना ‘इन द वर्स्ट केस’ म्हटलं तर चालेल ना?

प्रतिसाद

हो, चालेल. फोनवर तेच जास्त सुटसुटीत.