३ किलोवॅट सोलर: ७८,००० अनुदान आणि रिटर्नमध्ये ४० टक्के, दोन्ही मिळतं का? (राजारामपुरी, कोल्हापूर)

गाळा_आणि_गच्ची
दुमजली घर आहे. खाली आमचंच दुकान, त्याला वेगळं व्यापारी मीटर. वर आम्ही राहतो, तिथं घरगुती मीटर, सिंगल फेज, महिन्याला २८० ते ३०० युनिट. गच्चीवर साधारण ४५० चौरस फूट मोकळी जागा, पूर्वेला पाण्याची टाकी. घरगुती मीटर अजून वडिलांच्या नावावर आहे, ते हयात नाहीत.

व्हेंडर म्हणतोय, "अनुदान वजा करूनच पैसे द्या, आणि रिटर्नमध्ये ४० टक्के दाखवा, टॅक्स वाचेल." हे खरं का? आणि काम आधी करून नाव मागाहून बदललं तर चालतं का?

शाहूपुरी_ताळेबंद
४० टक्के म्हणजे सूट नव्हे, घसारा, म्हणजे मालमत्ता झिजते म्हणून दरवर्षी खर्चात दाखवायची रक्कम. धंद्याच्या मालमत्तेवर मिळतो. घराच्या वापरासाठी बसवलेल्या पॅनेलवर पगारदार असो की व्यापारी, कुणालाच मिळत नाही, आणि घरगुती सोलरसाठी इन्कम टॅक्समध्ये वेगळी वजावटही नाही. दुकानाच्या पुस्तकात घरचं बिल घुसडायला सांगत असेल तर नाही म्हणा. बिलावर ग्राहक क्रमांक घरगुती मीटरचा असतो, तिथंच पकडलं जातं.

अनुदान मात्र पक्कं आहे. पीएम सूर्यघर योजनेत पहिल्या २ किलोवॅटला प्रत्येकी ३०,००० आणि तिसऱ्याला १८,०००. एकूण ७८,०००. त्याच्या वर ५ बसवा नाहीतर ८, आकडा तोच. जीएसटीही २२ सप्टेंबर २०२५ पासून पॅनेलवर १२ चा ५ टक्के झालाय. कोटेशन जुन्या दराचं नाही ना, बघून घ्या.

मीटरपेटी
आधी नाव. याला दुसरा मार्ग नाही. योजनेच्या पोर्टलवरचा अर्ज, वीजबिल आणि बँक खातं यावर एकच माणूस लागतो. वडिलांच्या नावावर अर्ज भरला तर पॅनेल बसतील, नेट मीटरही (घेतलेली आणि लाइनला परत दिलेली वीज दोन्ही मोजणारा) लागेल, आणि अनुदान शेवटच्या पायरीवर अडकेल. मग मागं फिरून सगळं दुरुस्त करणं फार जिकिरीचं.

महावितरणकडं नाव बदलायला मृत्यूचा दाखला, घरफाळ्याची चालू पावती किंवा प्रॉपर्टी कार्ड आणि बाकीच्या वारसांचं संमतीपत्र तयार ठेवा. थकबाकी शून्य हवी. जुनी सुरक्षा ठेव नव्या नावावर वर्ग करायलाही त्याच वेळी सांगा, लोक हे हमखास विसरतात.

नवीन नावाचं बिल हातात आलं की पोर्टलवर बारा अंकी ग्राहक क्रमांकानं नोंदणी करा. १० किलोवॅटपर्यंत तांत्रिक मंजुरीसाठी थांबावं लागत नाही. व्हेंडर पोर्टलच्या यादीतलाच निवडा आणि करारात ५ वर्षांची देखभाल लिहिलेली आहे का बघा, ती त्याला बंधनकारक आहे. काम, नेट मीटर आणि तपासणी झाली की बँकेचा तपशील भरून अनुदानाची मागणी तुम्हीच करायची.

आता "वजा करून" बद्दल. अनुदान फक्त ग्राहकाच्या खात्यात येतं, व्हेंडरच्या नाही. तो आज सोडतोय म्हणजे एकतर किंमत आधीच फुगवलीय, किंवा अनुदान आलं की वटवायला सही केलेला चेक मागणार. पूर्ण किमतीचं बिल घ्या, पूर्ण पैसे बँकेतून द्या. हातात रक्कम नसेल तर या योजनेखाली सरकारी बँका ३ किलोवॅटपर्यंत विनातारण कर्ज देतात.

उचगाव_वायरमन
कोटेशनमध्ये दोन ओळी शोधा भावा. पहिली, पॅनेल डीसीआर आहेत का. म्हणजे सेल आणि पॅनेल दोन्ही भारतात बनलेले. ते महाग पडतात, म्हणून स्वस्त कोटेशनमध्ये बहुतेक वेळा इथंच पाणी मुरतं. डीसीआर नसेल तर अनुदान नाही. सीरियल नंबरची यादी बिलासोबत मागा.

दुसरी ओळ इन्व्हर्टरची, म्हणजे पॅनेलची डीसी वीज घरच्या एसी विजेत बदलणाऱ्या यंत्राची. अनुदानासाठी पॅनेल आणि इन्व्हर्टर यातली कमी क्षमता धरतात. ५४० वॅटचे ५ पॅनेल म्हणजे २.७ किलोवॅट, अनुदान ७२,६००. एक पॅनेल वाढवून ६ केले तर ३.२४, आणि ३ चा इन्व्हर्टर असेल तर पूर्ण ७८,०००. पण ६ पॅनेलला इन्व्हर्टर २.५ चा टाकला तर ६९,००० वरच थांबेल.

जागा पुरते, किलोवॅटला १०० चौरस फूट धरा. तोंड दक्षिणेला, कल १५ अंशांच्या आसपास. टाकी पूर्वेला आहे म्हणजे सकाळी सावली पडणार. एका पॅनेलवर सावली आली तरी त्या स्ट्रिंगमधल्या (एकामागोमाग जोडलेल्या) सगळ्यांची वीज खाली येते, म्हणून रांग पश्चिमेकडं सरकवा. सांगाडा हॉट डिप गॅल्व्हनाइज्डच (वितळलेल्या जस्तात बुडवलेला) घ्या. आपल्याकडच्या पावसात नुसता रंग मारलेला अँगल लवकर गंजतो. अर्थिंग तीन वेगळे: एसी, डीसी आणि आकाशातली वीज जमिनीत नेणाऱ्या तडितरोधकाचा. एकाच खड्ड्यात तिन्ही वायरी सोडणारे भेटतात, तसं करू देऊ नका.

लाइट गेली की हे पण बंद. लाइनवर काम करणाऱ्या माणसाला शॉक बसू नये म्हणून ऑन-ग्रिड (महावितरणच्या लाइनला जोडलेला) इन्व्हर्टर स्वतःहून थांबतो.

गाळा_आणि_गच्ची
नाव बदलायला घेतो. मग याच ३ किलोवॅटवर दुकानाचं मीटरही जोडता येईल का? आणि ३ ऐवजी ५ केलं तर?

शाहूपुरी_ताळेबंद
एक सिस्टिम, एक मीटर. दुकानासाठी वेगळी बसवावी लागेल. तिला अनुदान नाही, पण घसारा तिथं मिळतो. मात्र आर्थिक वर्षात १८० दिवसांपेक्षा कमी वापर झाला तर त्या वर्षी निम्माच, म्हणजे २० टक्के. दिवाळीच्या सुमारास चालू करून पूर्ण ४० धरू नका. व्यापारी युनिट महाग असल्यानं अनुदान नसतानाही हिशेब बसू शकतो. बिल दुकानाच्या नावावरच घ्या.

मीटरपेटी
५ नको. १ किलोवॅट दिवसाला सरासरी ४ युनिट देतं, म्हणजे ३ चे महिन्याला ३६० च्या आसपास. जुलै-ऑगस्टमध्ये बरंच कमी. उन्हाळ्यात शिल्लक राहिलेले युनिट पुढच्या महिन्यात जातात, पण ३१ मार्चला खातं बंद होतं आणि उरलेले महावितरण कमी दरानं विकत घेतं. तुमच्या ३०० युनिटला ३ पुरेसं आहे. बिल शून्य मात्र होणार नाही, स्थिर आकार दर महिन्याला येणारच.