मदत हवी आहे: जुनी माउझर, बॅरलवर फक्त 7.62, .308 की थर्टी-ओ-सिक्स?

माउझर 98 ॲक्शनची जुनी मिलिटरी रायफल आहे, रिसीव्हरवर (बॅरल ज्यात बसतं तो मुख्य भाग) बीवायएफ 44 (माउझर कारखान्याचा कोड आणि साल 1944) दिसतंय म्हणजे मूळची जर्मन के98के आणि 8x57 काडतुसाची असणार, पण बॅरल नंतर बदललंय आणि त्यावर नुसतं 7.62 एवढंच वाचता येतं, पुढचं घासून गेलंय.

आता घोळ असा की इस्रायलने अशा रायफली 7.62x51 नाटोला (म्हणजे जवळपास .308 च) केल्या आणि नॉर्वेने .30-06 म्हणजे 7.62x63 ला, आणि आकडा दोन्हीकडे 7.62 च! बोअर मोजून झाला, ग्रूव्ह (बॅरलच्या आतल्या पीळदार चरांपाशी मोजलेला व्यास) 7.82 मिमी, पण तो दोन्हींचा सारखाच. बोल्ट फेसवरूनही (बोल्टचं काडतुसाच्या मागे टेकणारं तोंड) काही कळत नाही कारण तिन्ही काडतुसांचा मागचा व्यास जवळपास 12 मिमीच. दस्ता नंतर बदललेला आहे, म्हणून इस्रायलीवर असतो तो मोठा 7.62 चा छाप शोधून उपयोग नाही. रिसीव्हर रिंगच्या मागच्या कडेला एक छोटी खाच आहे, नॉर्वेवाल्यांनी लांब काडतुसासाठी पाडलेली असते तशी, पण कडा ओबडधोबड आहेत म्हणून नक्की म्हणवत नाही.

लायसन्स आहे, रायफल रिकामी आहे, आणि "एक राउंड घालून बघ" हा सल्ला प्लीज नको. चेंबर कास्ट (काडतूस बसतं त्या जागेचा साचा घेऊन मोजणं) गनस्मिथकडून करून घेणारच आहे, पण त्याला वेळ लागेल. तोपर्यंत, दस्ता उतरवला तर बॅरल किंवा रिसीव्हरच्या खालच्या बाजूला नेमके कुठले शिक्के शोधू, ज्यावरून नॉर्वे की इस्रायल हे ठरेल? आणि ती खाच इस्रायली कन्व्हर्जनमध्ये कुणी पाहिली आहे का?