‘एव्हरीवन’पुढे ‘देअर’ लिहिलं तर मार्क कापायचा का?

खडूफळा: आठवीचे पेपर तपासतेय. एका मुलीनं लिहिलंय, ‘एव्हरीवन हॅज ब्रॉट देअर टिफिन.’ नमुना उत्तरात ‘हिज’ आहे, म्हणून अर्धा मार्क कापायचा म्हणे. मला हे पटत नाही. वर्गात निम्म्या मुली आहेत. इंग्रजीत एका व्यक्तीसाठी ‘दे’ १४व्या शतकापासून, कवी चॉसरच्या काळापासून चालत आलंय.

मुलं खरी चुकतात ती ‘एव्हरीवन हॅव’ लिहून. आपण ‘सगळे आले’ म्हणतो, तेच डोक्यात असतं. मी त्यांना ‘प्रत्येक जण आला’ असं म्हणून बघायला सांगते, मग ‘हॅज’ आपसूक येतं. मार्क कापायचा तर तिथे कापा.

जुना मास्तर: बाई, क्रियापद एकवचनी आणि सर्वनाम अनेकवचनी, हे कसं चालेल? वचन जुळवा, हेच तर वर्षभर घोकून घेतो आपण. आणि ‘हिज’मध्ये मुली येतातच. आपल्या १८९७च्या जनरल क्लॉजेस अ‍ॅक्टमध्येही पुल्लिंगी शब्दात स्त्रिया धराव्यात असं आहे. अगदीच खटकत असेल तर ‘हिज ऑर हर’ लिहू द्या. पुढे स्पर्धा परीक्षेत चार पर्यायांतला एकच बरोबर धरतात, तिथे पोरीचं नुकसान नको.

मुद्रितशोधक: ‘हिज ऑर हर’ एकदा ठीक. चार ओळींत पाचदा आलं की वाचणारा अडखळतो, मी रोज बघते. अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनच्या लेखनाच्या नियमपुस्तकाच्या २०१९च्या सातव्या आवृत्तीनं एका व्यक्तीसाठी ‘दे’ स्वीकारलंय. ‘यू’सुद्धा मुळात अनेकवचनीच, एकट्याला ‘दाऊ’ म्हणत. आज एका माणसाला ‘यू आर’ म्हणताना कुणाला खटकतं? आपणही ‘बाई आल्या’ म्हणतो, बाई एकच असते.

जुना मास्तर: ‘बाई आल्या’चा दाखला इथे लागू नाही. तिथे आदर आहे, आणि क्रियापदही अनेकवचनी होतं. जुळणी मोडत नाही.

खडूफळा: सर, हे मान्य, तो दाखला सोडून देऊ. पण क्रियापद आपल्या कर्त्याकडे बघतं. कर्ता ‘एव्हरीवन’ म्हणून ‘हॅज’. पुढच्या वाक्यात ‘दे’ कर्ता झाला की ‘दे आर’, ‘दे इज’ कधीच नाही. नियम पक्काच आहे, मुलीनं तो पाळलाय. आणि कायद्याला ‘स्त्रिया धराव्यात’ असं मुद्दाम लिहावं लागलं, कारण नुसत्या इंग्रजी पुल्लिंगी ‘ही’मधून ते स्पष्ट होत नव्हतं.

स्पर्धा परीक्षेची तुमची काळजी खरी आहे. वर्गात तिन्ही रूपं दाखवीन, पर्यायांत ‘देअर’ नसेल तर काय निवडायचं तेही सांगीन. हिचा अर्धा मार्क मात्र मी दिलाय.