शब्दचर्चा: वेगनिर्धारक पायरी

प्रश्न: अभिक्रियेच्या यंत्रणेतल्या ज्या पायरीवर एकूण वेग ठरतो, तिला मराठीत काय म्हणावं? 'सर्वांत मंद पायरी' चालेल का?

उत्तर: 'वेगनिर्धारक पायरी' म्हणावं. 'दरनिर्धारक'ही चूक नाही, पण दर म्हटलं की आधी बाजारभाव आठवतो. हिंदीतलं 'पद' उचलू नये. आपल्याकडे पद म्हणजे हुद्दा. 'मंद' बोलण्यात चालतं, पण त्याने गैरसमज होतो. आम्लात ॲसिटोनचं एनॉल (ॲसिटोनचंच हायड्रोजनची जागा बदललेलं रूप) होतं आणि आयोडीन ते लगेच खाऊन टाकतं. मग आयोडीनची पायरी जास्त वेगाने चालते का? नाही! जेवढं एनॉल मिळेल तेवढंच ती संपवणार. दोन्ही पायऱ्या एकाच वेगाने चालतात, फक्त तो वेग एनॉलची पायरी ठरवते. म्हणून 'निर्धारक' हाच नेमका शब्द.

प्रश्न: प्रयोगात ती ओळखायची कशी?

उत्तर: हीच अभिक्रिया घ्या. ४ मोलर ॲसिटोन १० मिली, १ मोलर हायड्रोक्लोरिक आम्ल १० मिली, पाणी २० मिली, शेवटी ०.००५ मोलर आयोडीन १० मिली घालून घड्याळ लावा. २५ अंश सेल्सिअसला पिवळा रंग जायला साधारण ४ मिनिटं लागतात. आता ॲसिटोन २० मिली आणि पाणी १० मिली घ्या: वेळ निम्मा. आम्ल दुप्पट केलं तरी निम्माच. आयोडीन दुप्पट केलं तर वेळ दुप्पट, म्हणजे वेग होता तेवढाच. आयोडीनच्या बाबतीत कोटी (संहतीचा, म्हणजे द्रावणातल्या प्रमाणाचा, वेगावर कितव्या घातात परिणाम होतो तो आकडा) शून्य, म्हणजे आयोडीन वेगनिर्धारक पायरीनंतर आत येतं. त्याच्या जागी ब्रोमीन घेतलं तरी वेग तोच राहतो, आणि ॲसिटोनमधल्या हायड्रोजनच्या जागी ड्युटेरियम (जड हायड्रोजन) असेल तर अभिक्रिया कित्येक पट मंदावते. कार्बन-हायड्रोजन बंध त्याच पायरीत तुटतो.

नेहमी चुकतं ते पाण्यात. एकूण आकारमान दर वेळी ५० मिलीच हवं, नाहीतर एक संहती बदलताना बाकीच्याही बदलतात.

आणखी एक: वेगसमीकरणात (वेग कोणत्या संहतींवर कसा अवलंबून आहे हे सांगणाऱ्या सूत्रात) जे दिसतं ते सगळं त्याच एका पायरीत भिडतं, असं समजू नका. नायट्रिक ऑक्साइड आणि ऑक्सिजन यांच्या अभिक्रियेत वेग नायट्रिक ऑक्साइडच्या वर्गावर आणि ऑक्सिजनवर अवलंबून असतो. पण तीन रेणू एकदम आदळत नाहीत. आधी नायट्रिक ऑक्साइडचे दोन रेणू जुळतात आणि पुन्हा सुटतात, हा समतोल झटपट साधतो. त्या जोडीला ऑक्सिजन भिडतो ती पायरी वेगनिर्धारक. तापवलं की जोड्या सुटतात, त्यामुळे इथे तापमान वाढवल्यावर वेग चक्क कमी होतो. इथे 'मंद पायरी' एवढंच म्हणून थांबलं, तर तिच्या आधीचा समतोल नजरेतून सुटतो आणि वेगसमीकरणातला वर्ग कुठून आला ते कळत नाही.